निर्दोष प्रत

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. हे नाव पडलं ते कामाच्या पहिल्याच आठवड्यात. एका रुग्णालयाचं पत्रक छापायला निघालं होतं, प्लेट यंत्रावर चढली होती, आणि नव्यानं लागलेल्या या बाई हातात कागद धरून यंत्रापाशी येऊन उभ्या राहिल्या. ‘दिन रुग्णांवर मोफत उपचार’ असं छापलं जाणार होतं. बाई म्हणाल्या, हा दिन म्हणजे दिवस. गरीब रुग्ण म्हणायचं असेल तर दीन हवं, दुसरी वेलांटी. यंत्रवाला वैतागला, मालक हसले, यंत्र थांबलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती. मुद्रितं तपासायला बाईंना मागच्या खिडकीजवळचं टेबल मिळालं होतं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक सापडली तर वाचकानं कळवावं असं मालक पैजेवर सांगत. कोणी कळवलं नव्हतं.

एका सकाळी मालक स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले. हे क्वचित व्हायचं. त्यांच्या हातात ‘हवाकोठी’ची जुनी प्रत होती.

‘हवाकोठी’ ही विज्ञान कादंबरी अडतीस वर्षांपूर्वी याच छापखान्यात, मालकांच्या वडिलांच्या वेळी छापली गेली होती. लेखिका पाणीपुरवठ्याच्या पंपघरात दाबाच्या नोंदी घेणारी कर्मचारी होती. तिनं एवढं एकच पुस्तक लिहिलं. एका ओसाड ग्रहावर जमिनीखाली नऊ दालनांची वसाहत आहे, तिथली हवा यंत्रानं तयार होते, आणि दर सात वर्षांनी चिठ्ठ्या टाकून कामं वाटली जातात. काल ज्यानं भांडी घासली त्याच्याकडे आज यंत्र येतं. हवाप्रमुख चाळिशीची बाई आहे, एका गुडघ्यानं अधू, अंबाड्यात पेन्सिल खोचून फिरणारी. तिचा नवरा पाळणाघरात एकतीस मुलं सांभाळतो. एक दिवस यंत्र बिघडतं आणि हवा एकाच बाजूला पुरेल एवढी उरते: यंत्राच्या दालनाला किंवा पाळणाघराला. प्रमुख आपल्या अकरा सोबत्यांना विचारते, हवा पाळणाघराकडे सोडते आणि मधलं दार आतून बंद करते. पलीकडे नवऱ्याला सगळं कळलेलं असतं. मुलांना दारावरचे ठोके ऐकू जाऊ नयेत म्हणून तो त्यांच्याशी आकडे मोजण्याचा खेळ खेळत राहतो. ठोके थांबल्यावर तो मुलांसमोर बसून मोठ्यानं रडतो, आणि एक मुलगी त्याला पाणी आणून देते. तिथं पुस्तक संपतं.

या पुस्तकावर पुढे लेख आले, परिसंवाद झाले. त्यात स्त्रीपुरुषांच्या कामांची वाटणी कशी उलटी केली आहे यावर विद्वान तासतासभर बोलले. लेखिका अशा एका सभेला आली होती. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, उलटं काही केलं नाही, वसाहतीत कोणाला ते उलटं वाटत नाही, एवढंच. आणि खाली बसली होती.

मालकांनी सांगितलं ते असं. पाठ्यपुस्तक समितीनं नववीच्या पूरक वाचनासाठी ‘हवाकोठी’ निवडली होती. सगळ्या शाळांमध्ये जाणार. मात्र एक अट होती. हवाप्रमुख पुरुष करायचा आणि पाळणाघरात त्याची बायको ठेवायची. मुलांचा गोंधळ होतो, पालकांची पत्रं येतात, असं समितीचं म्हणणं. कथेला हात लावायचा नाही, घटना त्याच, वाक्यं तीच, फक्त क्रियापदं आणि सर्वनामं बदलायची. भाषाच अशी की ‘गेली’ म्हटलं की गेलेली कोण ते लपत नाही.

टायपिंग करणाऱ्या माणसानं आधी संगणकाकडून एका झटक्यात बदल करून पाहिला होता. ‘ती’ दिसली की ‘तो’ कर, ‘झाली’चं ‘झाला’, ‘गेली’चं ‘गेला’ कर, असा हुकूम सोडला. त्याची प्रत मालकांनी बाईंना दाखवली. भीतीची ‘भीतो’ झाली होती, मातीची ‘मातो’, कितीचं ‘कितो’. तिसऱ्या पानावर ‘रात्र झाला आणि वीज गेला’ असं वाक्य होतं. दोघंही हसले. मग मालक म्हणाले की हे शब्दन् शब्द हातानंच करावं लागणार, आणि ते बाईंशिवाय कोणाला जमायचं नाही.

बाईंनी विचारलं, लेखिकेनं होकार दिलाय का. मालक म्हणाले, तिची भाची सगळं बघते, तिची हरकत नाही, पण कायद्यानं सही लेखिकेचीच लागेल. ती आता वृद्धाश्रमात होती.

“मला नाही वाटत मी करीन,” बाई म्हणाल्या.

मालक चिडले नाहीत. त्यांनी प्रत टेबलावर ठेवली, तिच्या कव्हरवरून हात फिरवला. “तुम्ही नाही केलंत तर बाहेरच्या कोणाकडून तरी होणारच आहे, बाई. तो वाट लावील पुस्तकाची. तुमचं तरी त्याच्यावर प्रेम आहे.”

ते खरं होतं. बाईंनी ‘हवाकोठी’ सतराव्या वर्षी वाचली होती, आणि लग्न ठरताना नवऱ्याला वाचायला दिली होती. हा मनुष्य एका कारखान्यात लेथवर होता. मुलगी चार महिन्यांची असताना कारखान्याला टाळं लागलं. बाईंना नुकतीच छापखान्यात नोकरी लागली होती. दोघांनी बसून ठरवलं की तो घरी राहील. त्यानं पुस्तकातल्या पाळणाघराचा दाखला दिला आणि म्हणाला, तिथं तर एकतीस होती, आपल्याला एक जड नाही.

त्याला ते जमलं, नुसतं जमलं नाही तर आवडलं. मुलीच्या वेण्या तो लेथवरच्या मापानं घालायचा, दोन्ही बाजू सारख्या. गल्लीतले पुरुष त्याला मावशी म्हणू लागले. मावशी, दूध उतू गेलं का. मावशी, आज कपडे लवकर वाळले. तोही हसून उत्तरं द्यायचा. आठ वर्षं असं चाललं. मग मुलगी नव्या शाळेत जायची होती तेव्हा प्रवेशअर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. त्यानं ‘घर’ असं लिहिलं. कारकुनानं त्याच्या देखत ते खोडलं आणि वर ‘बेकार’ असं लिहिलं, लेकीच्याही देखत. वाटेत मुलीनं विचारलं, बेकार म्हणजे काय. त्यावर तो काय म्हणाला ते बाईंना कधी कळलं नाही.

त्या महिन्यात त्यानं दूरच्या एका बोगद्याच्या कामावर नाव घातलं. बाईंनी खूप अडवलं. तो म्हणाला, वर्षभर जाऊन येतो, मग कोणी काही म्हणणार नाही. पाचव्या महिन्यात बोगद्याचं छत कोसळलं. त्याच्या सामानात मुलीच्या केसांची रिबीन निघाली. तेवढ्याच मापाची नवी आणता यावी म्हणून जवळ ठेवली असावी असं बाईंना वाटलं.

मालकांना बाईंनी सांगितलं की त्या स्वतः जाऊन लेखिकेला भेटतील. मनाशी ठरवलं होतं, ती नको म्हणाली की विषय संपला.

वृद्धाश्रम गावाबाहेर होता, दोन बस बदलून. खोलीत चार खाटा होत्या. लेखिका खिडकीजवळच्या खाटेवर ताठ बसली होती, केस अगदी बारीक कापलेले. खिडकीबाहेर मागची भिंत आणि तिच्यावरून गेलेले नळ दिसत होते. बाईंनी नमस्कार केला, छापखान्याचं नाव सांगितलं. लेखिका म्हणाली, “उशीर केलात. त्या तिसऱ्या नळात हवा अडकली आहे. सकाळपासून ठोकतोय.” बाईंनी कान दिला. खरोखरच कुठेतरी ठकठक होत होती.

बाईंनी हळूहळू सगळं समजावलं. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नजर स्थिर झाली, आणि आवाजही बदलला.

“तिला पुरुष करायचं? कशाला?”

“शाळेतल्या मुलांसाठी म्हणतात.”

“मग तिच्या नवऱ्याचं काय करणार?”

“त्याची बायको करायची.”

लेखिका थोडी हसली. दात नव्हते, त्यामुळे हसू लहान मुलासारखं दिसलं. “म्हणजे बाई पोरं सांभाळणार आणि पुरुष यंत्रापाशी मरणार. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ती सांगायला मी कशाला पाहिजे?”

बाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी कागदांची पिशवी उचललीसुद्धा. पण तेवढ्यात लेखिकेची नजर पुन्हा खिडकीकडे गेली. तिनं विचारलं, चारची नोंद घेतली का. बाई म्हणाल्या, घेतली. दाब किती होता? बाईंनी मनानंच एक आकडा सांगितला. लेखिकेनं मान डोलावली. समाधान झाल्यासारखं वाटलं.

इतक्यात तिथली परिचारिका आत आली. तिच्याकडे अकरा खाटा होत्या आणि औषधांची वेळ टळून चालली होती. तिनं पिशवीतून डोकावणारा संमतीचा कागद पाहिला, भाचीचा फोन येऊन गेल्याचं सांगितलं, कागद हातातल्या नोंदींच्या पाटीवर ठेवला आणि पेन लेखिकेच्या बोटांत दिलं. “आजी, इथं सही करा बघू. मग बाहेर ऊन खायला नेते.” त्या आश्रमात सही मागितली की आजी लोक सही करत, हात पुढे करा म्हटलं की हात पुढे करत. लेखिकेनं पेन नीट धरलं.

बाईंचा हात पाटीच्या कडेवरच होता. कागद ओढून घ्यायला काहीच लागलं नसतं. आजी आत्ताच नको म्हणाल्या, एवढं परिचारिकेला सांगितलं असतं तरी पुरे होतं. बाईंना ते त्याच वेळी कळत होतं. त्याच वेळी त्यांच्या डोक्यात मालकांचं बोलणंही होतं, बाहेरचा वाट लावील, आणि आपलं वय, आणि मागच्या खिडकीजवळचं टेबल. लेखिकेनं पूर्ण नाव लिहिलं, सुबक, पंपघराच्या वहीत लिहीत असावी तसं, आणि पुढे तारीखही घातली. तारीख पस्तीस वर्षं जुनी होती. परिचारिकेनं ती खोडून आजची टाकली.

परतीच्या बसमध्ये बाई स्वतःला सांगत राहिल्या की सही तिनं केली आहे. घर येईपर्यंत ते जवळजवळ पटलं होतं.

काम तेवीस दिवस चाललं. बाई सकाळी नऊला बसत, पट्टी ओळीखाली धरत, लाल पेन्सिलीनं एकेक शब्द घेत. पहिले दोन दिवस हात जड होता. मग कुठल्याही कामाचं होतं तेच झालं, ते नुसतं काम झालं. प्रमुखाच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल त्यांनी कानावर नेली. पाचव्या प्रकरणात प्रमुखाला आपलं बाळंतपण आठवतं, दाबमापकाकडे बघत दिलेल्या कळा. तो परिच्छेद उचलून पाळणाघरात बायकोकडे दिला, आणि दाबमापकाच्या जागी भिंतीवरचं घड्याळ घातलं. प्रमुखाच्या आईनं लहानपणी तिच्या हातात पाना दिलेला असतो. आईचे वडील करायचे का, असं समितीला विचारलं. उत्तर आलं, करावेत. बाराव्या प्रकरणात प्रमुख यंत्रामागे जाऊन दोन मिनिटं रडते. समितीचा शेरा आला की हे गाळावं, वीरपुरुषाला शोभत नाही. बाईंनी गाळलं आणि तिथं तो यंत्राला तेल घालतो असं केलं, कारण ओळींची संख्या जुळायला हवी होती.

शेवटच्या प्रकरणाशी त्या आल्या तेव्हा दुपार होती, बाहेर यंत्र चालू होतं. कथेतलं मधलं दार बंद होतं, पाळणाघरात बायको मुलांना आकडे मोजायला लावते, ठोके थांबतात, ती रडते, मुलगी पाणी आणून देते. बाईंनी ते दोनदा वाचलं. सतराव्या वर्षी त्या याच पानावर रडल्या होत्या. आता पान कोरडं होतं. या पानावरची एकही घटना बदलली नव्हती, आणि तरी वाचताना वाटत होतं की हे आपण कुठेकुठे पाहिलं आहे, बाई रडतेच आहे, तिला कोणीतरी पाणी देतंच आहे. त्यांनी पट्टी खाली सरकवली आणि उरलेल्या चार ओळी तपासल्या.

मालकांनी छापील प्रत हातात घेतली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पहिल्या पानामागे, मुद्रकाच्या नावाखाली, त्यांनी बाईंचं संपूर्ण नाव छापलं होतं, मुद्रितशोधन म्हणून. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

बाईंची मुलगी तालुक्याच्या एका शाळेत भाषा शिकवत होती आणि तिथंच खोली घेऊन राहत होती. समितीचं पुस्तक शाळेत पोचलं त्या आठवड्यात ती न कळवता आली. रविवारची सकाळ होती. बाई भाजी निवडत होत्या. मुलीनं चप्पल काढली, पिशवीतून पुस्तक काढलं, आणि भाजीच्या ताटाशेजारी ठेवलं.

बाईंनी तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं, समितीची अट, मालक, आश्रम. लेखिका काय म्हणाली तेही सांगितलं, त्यातलं काही लपवलं नाही. कागद ओढला नाही हे सांगताना त्या देठ मोडत राहिल्या. मुलगी शांतपणे ऐकत होती. मधे एकदा उठून तिनं पंखा चालू केला.

मग ती म्हणाली, “बाबा मला हे वाचून दाखवायचे. शेवटचं पान आलं की ते स्वतः रडायचे आणि मला म्हणायचे, जा, पाणी आण. मला तो खेळ वाटायचा.”

बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या दुपारी कामावर असत.

“माझ्या वर्गात एक पोरगा आहे,” मुलगी म्हणाली. “त्याचे वडील घरी असतात. मला वाटलं होतं, हे पुस्तक लागलंय, बरं झालं.”

“माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी केलं असतं तर फार वाईट केलं असतं गं,” बाई म्हणाल्या.

“हो. माहितेय मला.” मुलीनं पुस्तक उघडलं. पानापानावर शिसपेन्सिलीनं बारीक खुणा होत्या, जिथं क्रियापद आहे तिथं टिंब. “तुझं नाव बघितलं आणि मी दोन दिवस शोधत बसले. म्हटलं, आईनं कुठेतरी एक तरी राहू दिलं असेल. एखादी ‘म्हणाली’. मुद्दाम. कोणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी.”

बाईंनी भाजीचं ताट थोडं बाजूला सरकवलं.

“तीनशे चार पानं, आई. एकसुद्धा चुकलेलं नाही तुझं.”

बाईंना त्यावर सांगण्यासारखं एकच होतं आणि ते त्यांनी सांगितलं, कारण खोटं बोलणं त्यांना जमत नसे. त्या म्हणाल्या की असं काही करायचं त्यांच्या मनातही आलं नाही. चूक ती चूक, एवढंच डोक्यात होतं. मुलीनं मान हलवली. ती रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. पण तिनं ताट जवळ ओढलं आणि उरलेली भाजी निवडून दिली. जेवली. दुपारच्या गाडीनं परत गेली. पुस्तक तिथंच राहिलं.

लेखिका दोन महिन्यांनी गेली. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात ‘शालेय विद्यार्थ्यांची लाडकी लेखिका’ असं म्हटलं होतं. बाई आश्रमात गेल्या. खाटेवर दुसरी आजी होती. परिचारिकेनं त्यांना ओळखलं आणि सांगितलं की शेवटी शेवटी आजी ‘मुलं पलीकडे पोचली का’ एवढंच विचारायच्या. आम्ही हो म्हणायचो, ती म्हणाली. बाईंनी विचारलं, ऐकून बरं वाटायचं का त्यांना. परिचारिकेनं आठवून पाहिलं. नाही, ती म्हणाली, परत विचारायच्या.

नव्या वर्षात मुलीनं मुख्याध्यापकांकडे अर्ज करून भाषेचा विषय सोडला. आता ती सहावीला गणित शिकवते. सुट्टीच्या दिवशी आईला फोन करते, डोळ्यांत औषध घातलंस का विचारते, गुडघ्याचं विचारते. बाईही तिच्या खोलीतल्या पाण्याची चौकशी करतात. वर्गातल्या त्या पोराबद्दल त्यांना विचारायचं असतं, प्रत्येक वेळी. पण मुलीला घाई असते, किंवा बाईंना तसं वाटतं, आणि त्या फोन ठेवतात.

समितीनं पुढच्या वर्षासाठी आणखी दोन पुस्तकं पाठवली. मालकांनी ती मागच्या खिडकीजवळच्या टेबलावर आणून ठेवली. बाईंनी वरचं उघडलं, पट्टी घेतली आणि पहिल्या ओळीखाली धरली.